जिची तिची तिथी

आक्काला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. निपाणीच्या ज्या तंबाखूच्या वखारीत मी मुलगी असताना कामाला जात होते, तिथे आम्ही चाळीसेक बायका दिवसभर गोणपाटावर मांडी घालून पाला निवडायचो आणि आक्का आमच्यामधून फिरत असायची. ती आमची मुकादमीण. दारापाशी तिच्यासाठी लाकडी पाट ठेवलेला होता, पण त्यावर तिचा पाण्याचा तांब्या असायचा, ती नाही. भाकरीसुद्धा ती उभ्यानंच खायची, चटणी भाकरीवर घेऊन, खांबाला पाठ लावून. आणि तेवढ्यातही तिचा एक पाय दुसऱ्या पायाला घासत असायचा. चिकोडीकडच्या कानडी बायका तिला "कुंद्री आक्का, कुंद्री" म्हणायच्या, म्हणजे बसा, जरा बसा. ती मान हलवायची आणि पुढच्या ओळीकडे निघायची. तिच्या माघारी सगळ्या तिला उभी आक्का म्हणत.

उंच, काटक बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर आडवं मोठं कुंकू. तिचा नवरा बेळगावला पलटणीत भरती झाला होता आणि कुठल्या तरी मुलखात गेला तो परत आला नव्हता. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. ती त्याच्याबद्दल बोलायची नाही. आमच्याच गावात, निपाणीपासून कोसभर अंतरावर, वेशीजवळच्या एका खोलीत ती एकटी राहायची. सकाळी आम्ही सात-आठ जणी मिळून वखारीला निघालो की आक्का आमच्या पुढे शंभर पावलं असायची आणि संध्याकाळी परतताना पुन्हा पुढेच.

तिच्या डोक्यात एक पंचांग होतं. ते देवाधर्माचं नव्हतं. वखारीतल्या प्रत्येक बाईची महिन्याची अडचण कधी येते हे तिला तोंडपाठ असायचं, आणि ती बायकांना तिथीवरून ओळखायची. गौराची चांदण्यातली अष्टमी, तानीची अंधारी पंचमी, माझ्या आईची दशमी. कुणाची तिथी महिन्याला महिना एक-दोन दिवसांनी सरकायची, तीही ती सरकवून घ्यायची. ओळीतून फिरता फिरता एखादीच्या पाठीशी थांबून ती हळू म्हणायची, "तुजी नवमी परवा हाय न्हवं? आजपासनं चाळणीवर जाऊ नगंस." वखारीचा हिशेब ठेवणारे दिवाणजी टेबलाशी बसून हे ऐकायचे. बायका फार उपासतापास करतात, अशी त्यांची बरीच वर्षं समजूत होती. एकदा त्यांनी कौतुकानं शेटजींना सांगितलंही, की आपल्या वखारीतल्या बायका मोठ्या धार्मिक आहेत.

चाळणीचं काम सगळ्यात वाईट. कुटलेला तंबाखू दोघी-दोघींनी उभं राहून चाळायचा. धूळ नाकातोंडात जायची, डोकं गरगरायचं, ओकारी यायची. अडचणीच्या आधीच्या दोन दिवसांत आणि पहिल्या दोन दिवसांत आक्का कुणाला तिथे पाठवायची नाही. त्या बाईला ती दाराजवळ, वारा येईल अशा जागी काड्या निवडायला बसवायची. पाचव्या दिवसानंतर मात्र तीच आक्का तिला पोत्याकडे बोट दाखवायची, आता तुझ्या अंगात घोडीचं बळ आलंय, उचल म्हणायची. आणि सगळ्यांना ती एक माप लावायची नाही. गौराला त्या दिवसांत काही त्रास नसायचा, उलट हात जास्त चालायचा. तिला आक्का मुळीच हलवायची नाही. तानी आदल्या दिवशी विनाकारण रडायची, भांडायची. तिला आक्का ओळीच्या टोकाला एकटी बसवायची आणि शेजारणींना सांगून ठेवायची की आज तिच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका, ती बोलत न्हाई, तिची चतुर्थी बोलतीया.

घरी चार दिवस बाजूला बसायची चैन आमच्यात कुणाला नव्हती. गावात विटाळ पाळायचे, पण ज्यांना वखारीत जायचं त्या गुपचूप जायच्या आणि गुपचूप सोसायच्या. वखारीच्या आवारात एक विहीर होती आणि चारी बाजूंनी उघडं. कापड बदलायला जागा नाही. सकाळी लावलेलं संध्याकाळी घरी येऊन सोडायचं. त्यात तंबाखूचा हात. ती धूळ नाजूक जागी लागली की अशी आग व्हायची की बाईला धड चालता येत नसे. आक्काची पहिली शिकवण तीच होती. आधी राखेनं हात घासायचे, मग कापडाला हात लावायचा. तिनं विहिरीच्या कठड्याशी राखेचं मडकं ठेवलं होतं. दुसरी शिकवण उन्हाची. बायका ती धुतलेली कापडं छपराच्या आत, गोवऱ्या ठेवायच्या कोंदट जागेत लपवून वाळवायच्या. आक्का आपली कापडं परसात बाभळीच्या कुंपणावर सरळ उन्हात टाकायची, वर नावाला एक विरलेलं फडकं. गावातली एक म्हातारी यावरून तिला बोलली, तेव्हा ती म्हणाली, "सूर्य बघतोय तर बघू दे की. त्यो काय गावभर सांगत फिरनार हाय?"

मी चौथी पास होऊन शाळा सोडली आणि आईबरोबर वखारीत जाऊ लागले. तेराव्या वर्षी, एका गुरुवारी, आई मामाकडे गेली होती आणि मी एकटीच कामावर आले होते. सकाळपासून माझ्या ओटीपोटात ओढल्यासारखं होत होतं आणि जीव एका जागी लागत नव्हता. मांडी बदलायची, पुन्हा बदलायची. पाला हातात घ्यायचा आणि काय निवडायचं ते विसरायचं. कुणीतरी मला हाक मारली म्हणून उठले, तर माझ्याखालच्या गोणपाटावर डाग होता. मला वाटलं, आपल्याला आतून काहीतरी लागलं, आपण मरणार. त्याच वेळी दिवाणजी हातात वही घेऊन ओळीतून येत होते.

त्यांनी गोणपाट पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. मग दोन पावलं मागे सरले. माझ्यासमोरचा निवडलेला ढीग सगळा बाहेर काढून उकिरड्यावर टाका, असं त्यांनी हमालाला सांगितलं. आणि ही मुलगी आणि हिची आई उद्यापासून वखारीत दिसता कामा नये, असंही सांगितलं. शेटजी सोवळ्याओवळ्याचे फार कडक, त्यांच्या कानावर हे गेलं तर काय होईल, असं बरंच ते बोलत होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मागून लुगडं हातानं घट्ट धरलं होतं.

आक्का टोकाकडून आली. ती धावली नाही. तिनं आधी स्वतःच्या डोक्यावरचं धूळ झाडायचं फडकं माझ्या कमरेला गुंडाळलं, मग दिवाणजींकडे वळली. ती हळू बोलली, पण वखारीत तेव्हा एकही हात चालत नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"दिवाणजी, हितं चाळीस बायका हायत. म्हयन्यातलं चार-चार दिस धरा. म्हंजे रोज पाच-सा जणी तशाच असत्यात. आज बी हायत. तुमी हितं यायच्या आदीपासनं हायत. ह्यो ढीग टाकायचा तर समदी वखार टाका. आन आजवर गाड्या भरभरून गेलेला माल बी माघारी बोलवा."

दिवाणजींनी हातातली वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"शेटजींना मी सांगू, का तुमी सांगताय?" आक्कानं विचारलं.

हमाल ढिगाशी वाकलेला होता तो तसाच थांबला. दिवाणजींनी त्याला हातानं जा म्हणून सांगितलं. ढीग जागेवर राहिला, मीही राहिले. जाता जाता आक्कानं आणखी एक मागणी केली. विहिरीमागे तट्ट्यांचा आडोसा हवा, आत पाण्याचा हंडा हवा, बायकांना दिवसातून एकदा तिथे जायला मुभा हवी. आठ दिवसांत आडोसा झाला. त्या दिवशी मला फार मोठं काही घडलं असं वाटलं नाही. मला फक्त घरी जायचं होतं.

घरी आक्कानंच नेलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्यापुढे शंभर पावलं न चालता बरोबर चालली. गावच्या वाटेवर दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, पानं अंगाला चिकटायची. तिनं मला सगळं सांगितलं. मरत नाहीस, दर महिन्याला येईल, तिथी ध्यानात ठेव, आज अंधारी षष्ठी. घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ कर, ओव्याचं पाणी गूळ घालून पी, पोटाखाली उशी घेऊन पालथी पड. त्रास असेल त्या दिवशी झोप, नसेल त्या दिवशी उगाच झोपू नकोस. हे ती भरभर सांगत होती आणि बोटांनी लुगड्याचा पदर सारखा पिळत होती. ओढ्याशी आलो तेव्हा मी विचारलं, आक्का, तू कधी बसत का न्हाईस? लहान पोरीनंच असं विचारावं. मोठ्या बायका विचारत नसत, कारण त्यांना माहीत होतं.

ती ओढ्याच्या पाण्यात पाय घालून उभी राहिली. तिची मुलगी होती, काशी. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि ती माहेरी आली होती. तेव्हा आक्का घरी बसून विड्या वळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी विड्या द्यायच्या होत्या आणि तिच्या मांडीवर सूप होतं. काशी आतून म्हणाली, आई, लई जातंय गं. आक्का सूप न हलवता म्हणाली, जाऊ दे, समद्या बायकांचं जातं. दुपारी काशी पुन्हा म्हणाली. आक्कानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा काशी काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती गेली.

"मी बसलेती, शेवंते," आक्का म्हणाली. "दोन हातांवर ती पडलीती आन मी बसलेती. आता बसलं की तिचं बोलनं ऐकू येतंय."

मग ती पाण्यातून निघाली आणि पुन्हा माझ्यापुढे चालू लागली.

पुढच्या हंगामात दिवाणजींनी तिची मुकादमकी काढून घेतली. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एक माणूस मुकादम म्हणून आणला आणि आक्काला चाळणीवर घातलं, कायमचं. आम्हाला वाटलं आता सगळं संपलं. पहिले काही दिवस तसं झालंही. नवा मुकादम बोट दाखवील तिथे बाई जायची, मग तिला उभं राहता येवो न येवो. मग एक दिवस तानीला चाळणीवर बोलावलं आणि गौरा न बोलता उठून तिच्या जागी गेली. मुकादमाला दोघींतला फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी कुणाच्या जागी गेली. आक्का चाळणीवरून, नाकाला बांधलेल्या फडक्यातून, फक्त मान हलवायची. हळूहळू प्रत्येकीला आपल्या शेजारणीची तिथी पाठ झाली. मला आठजणींची होती. पण आक्काला त्या चाळणीवरून सोडवायला मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. तिचं नाव मुकादमाला नेमकं ठाऊक होतं.

ते लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर गेलं, मोजूनमापून मिळू लागलं. अंगावरचं लुगडं फाटेपर्यंत नेसायचं, फाटलं की जोडून नेसायचं; मग खालच्या कामाला जुनं कापड आणायचं कुठून? बायका गोणपाटाच्या चिंध्या, राख भरलेल्या पिशव्या, काय वाटेल ते वापरू लागल्या. एकीला त्यातून ताप भरला. आक्कानं मग गावात घरोघर जाऊन पुरुषांची विरलेली धोतरं मागायला सुरुवात केली. कशाला हवीत असं विचारलं की ती खरं सांगायची, आणि विचारणारा गडी मान खाली घालून धोतर आणून द्यायचा. माझ्या आप्पांचं एक जुनं धोतर असंच गेलं. ते उकळून, उन्हात वाळवून, तिनं त्याच्या सारख्या घड्या केल्या आणि ज्या घरात लुगडं एकच होतं त्या घरांत वाटल्या. हे सगळं वखारीतून आल्यावर, दिवेलागणीच्या आत. तिला तेव्हा खोकला सुरू झाला होता. बोलता बोलता ती थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि पुन्हा पुढच्या दाराकडे वळायची.

माझ्या आईचं आक्काच्याच ध्यानात आलं. आई चाळिशी ओलांडलेली. तिनं आम्हाला काही सांगितलं नव्हतं. एक दिवस वखारीतून परतताना आक्का मागे रेंगाळली, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिनं आईला विचारलं, या महिन्यात तुझी दशमी दोनदा आली का? आई हसली, वय झालं, जायच्या वेळी असं होतं म्हणाली. आक्कानं विचारलं, किती दिवस? आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सोळा दिवस झाले होते. आई घरी जाऊन चूल पेटवत होती, पाणी आणत होती, आणि भिंत धरून चालत होती हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

आप्पांची बैलगाडी होती. खेड्यांतून वखारींना तंबाखू आणायचे. हंगाम भरात होता. ते म्हणाले, हंगाम संपला की कोल्हापूरला दाखवू. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी जुंपायला बाहेर आले तर आक्का बैलांसमोर उभी. तिनं जू धरलं होतं. आप्पांनी तिला बाजूला हो म्हणून सांगितलं, मग विनवलं, मग रागावले. शेजारी जमले. ती काही वाद घालत नव्हती. खोकत होती आणि उभी होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "अण्णा, मी एकदा थांबलेती. तुमी थांबू नगा." आप्पांना काशीचं माहीत होतं. त्यांनी बैल सोडून गोठ्यात नेऊन बांधले.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात बायकांची डॉक्टरीण आहे हे आक्काला कुणाकडून तरी कळलं होतं. आप्पांनी बैलांचं आणि धाकट्या भावंडांचं बघायचं, आक्का आणि मी आईबरोबर जायचं असं ठरलं. पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या ग्यासवर चालणारी मोटार, मागे पेटवलेलं भांडं, त्याचा धूर आत. तवंदीचा घाट चढताना ती निम्म्यात अडली. माणसं उतरून ढकलू लागली. आम्हाला उतरता येत नव्हतं, कारण आईचं डोकं आक्काच्या मांडीवर होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आक्का बसलेली आहे. मोटारीचं छप्पर बुटकं, उभं राहायला जागाच नव्हती. तिचे ओठ हलत होते, पायाची बोटं फळीवर ठोके देत होती. दर थोड्या वेळानं ती वाकून आईला विचारायची, जातंय का? आई म्हणायची, जातंय. संकेश्वरला मोटार पाणी घ्यायला थांबली तेव्हा आईचं डोकं माझ्या मांडीवर देऊन ती खाली उतरली आणि मोटारीभोवती फेऱ्या घालू लागली. ड्रायव्हरनं मला विचारलं, पोरी, हिचं काय हरवलंय? मी आईच्या कपाळावरचा घाम पुसला. पुढे वंटमुरीच्या चढावर मोटार पुन्हा दोनदा थांबली. बेळगावात शिरलो तेव्हा चार वाजले होते आणि आईची नखं पांढरी पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आत गाठ आहे म्हणाल्या. आणखी आठवडा गेला असता तर मी हात लावला नसता, असंही म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली. आई वाचली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या डोक्यावर राहिली. ती शुद्धीवर आलेली पाहून आक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं परत गेली. माझ्याशी ती फारसं बोलली नाही. घड्यांचं एक गाठोडं दिलं, आणि इथल्या नर्सबाया काय करतात ते बघून ठेव म्हणाली.

मी तीन आठवडे बघितलं. आईला हवं-नको पाहता पाहता शेजारच्या खाटांवरच्या बायकांचंही करू लागले. कुणाची तिथी काय, कुणाला किती दिवस झाले, हे मी विचारायची आणि डॉक्टरीणबाईंना नेमकं सांगायची. त्यांनी एकदा विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी सांगितलं. पुढे त्यांनीच आप्पांना बोलावून घेतलं आणि सुईणीच्या शिक्षणाला मला तिथे ठेवून घेतलं. चौथी पास होते म्हणून ते जमलं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातूनच झालं, खानापूरच्या बाजूच्या खेड्यांत, रात्रंदिवस पायांवर.

शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा आक्का बेळगावला आली. लढाई संपली होती. ती निम्मी झाली होती आणि खोकल्यानं वाकायची. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. छातीत धूळ बसली आहे, चाळणी सोडा, इथे महिनाभर पडून राहा, असं त्यांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, पडून राहणं मला जमनार न्हाई, तुला म्हाईत हाय. त्यापेक्षा तू काय शिकलीस ते दाव.

आमच्या शिकवणीच्या खोलीत भिंतीवर बाईच्या शरीराचा रंगीत तक्ता होता. मी तिला गर्भाशय दाखवलं, दर महिन्याला आत काय होतं ते सांगितलं. ती बोट लावून बघत होती. तिला सगळं नवीन होतं आणि काहीच नवीन नव्हतं. मी भरात येऊन सांगत गेले. गर्भ कसा राहतो, दोन-तीन महिन्यांत गळून पडला तर बाईला कसं भरमसाट जातं, आत काही राहिलं तर कसं थांबत नाही. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं आणि मी थांबले. पण उशीर झाला होता.

"काशीची दोन म्हयनं तिथी चुकलीती," ती म्हणाली. "मला ठावं हुतं. नवं लगीन, हुतंय असं, म्हटलं." तिचं बोट अजून तक्त्यावर होतं. "हितं आनली असती तर?"

मला उत्तर माहीत होतं. त्याच आठवड्यात तशी एक मुलगी आली होती आणि आपल्या पायांनी घरी गेली होती. मी म्हणाले, तसं सांगता येत न्हाई, आक्का.

तिनं तक्त्यावरचं बोट काढलं. "तुला येतंय सांगता," ती म्हणाली. मग तिनं गाठोडं उचललं. मी थांब म्हणत होते, जेवून जा म्हणत होते. ती मोटार अड्ड्याकडे निघाली आणि मी तिच्या मागे, शंभर पावलं. मोटार सुटायला वेळ होता. तो सगळा वेळ ती अड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होती. मी जवळ गेले की ती वळायची.

त्या रात्रीपासून माझं कशात लक्ष लागेना. तिला खोटं सांगायला नको होतं, आणि खरं तरी कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? मी मनात वाक्यं जुळवायची आणि मोडायची. शेवटी एक जुळलं. आक्का, वाचली असती, पण हे तुला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. न सांगितलेलं तुला कसं कळणार? दिवाळीला गावी गेले की ओढ्यापर्यंत तिच्याबरोबर चालायचं आणि हे सांगायचं, असं ठरवून मी ते घोकून ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी आप्पांचं कार्ड आलं. आक्का वखारीत चाळणीपाशीच गेली, बायकांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं, असं त्यात होतं. ते कार्डही पंधरा दिवस उशिरा पोचलं होतं.

ते वाक्य मी नंतर लेक गमावलेल्या कितीतरी आयांना सांगितलं, दारात, खाटेशी, बैलगाडीत. काहींना ते पटलं, काही ऐकून रडल्या, एक-दोघी माझ्यावर चिडल्याही. जिच्यासाठी ते जुळवलं होतं, तिला तेवढं सांगायचं राहिलं.